चार बोटं जागा

"हे एवढं भरून टाक," साहेब म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे."

त्यांनी माझ्या हातात प्लास्टिकची वाटी दिली. वाटीत दुकानातून आणलेला पांढरा रंग होता. ब्रश नवा कोरा. शेजारी मुंबईचे पाहुणे उभे होते. पुढच्या शनिवारी त्यांच्याच हस्ते प्रदर्शनाचं उद्घाटन व्हायचं होतं. साहेबांनी माझं मनगट धरलं, हात वर उचलला आणि पाहुण्यांना दाखवला.

"यांच्या बोटांतच असतं हे. शिकवावं लागत नाही."

पाहुण्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं. माझ्याकडे नाही. मग साहेबांना विचारलं, "हिला कळतं का, हे काय आहे ते?"

"ही तिकिटं बघते, झाडलोट बघते. पण आहे त्यांच्यातलीच."

डहाणूच्या या कला संग्रहालयात मी मदतनीस आहे. सहा वर्षं झाली. गळ्यात ओळखपत्र, अंगावर निळा कोट. तलासरीकडच्या आमच्या पाड्यावरून सकाळची एसटी पकडते आणि शटर उघडायच्या आधी पोचते. सहा वर्षांत माझा हात इतक्या कौतुकानं कुणी धरला नव्हता. सोडवून घ्यायला हवा होता. मी तसाच धरू दिला.

समोर लाकडी चौकटीत मातीच्या भिंतीचा तुकडा उभा होता. माझ्या उंचीएवढा. त्यावर चौक. आमच्यात लग्न लागायच्या आधी घरातल्या भिंतीवर सवाष्ण बायका तांदळाच्या पिठानं चौक काढतात. मधे पालघट देवी, भोवती झाडं, घोडा, फणी, शिडी, आणि चारी बाजूंनी नक्षीची किनार. चौक नाही तर लग्न नाही. या चौकाची किनार मात्र तीनच बाजूंनी पुरी होती. चौथी बाजू खालच्या कोपऱ्यापाशी तुटली होती. चार बोटं मावतील एवढी जागा, नुसती लाल माती.

साहेबांना ती जागा खुपत होती. पोस्टरवर छापल्यावर तिथे रंग उडाल्यासारखं दिसत होतं.

मी काय म्हणाले? ऐका. मी म्हणाले, "उद्या भरते, साहेब."

ती जागा माझी होती. ते सांगायला तोंड उघडलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी खोका उघडला तेव्हाच मी ओळखलं होतं. कुठल्याशा मोठ्या घरातला संग्राहक वारला, त्याच्या मुलांनी त्याच्या वस्तू संग्रहालयाला दिल्या. खिळे काढले, घोंगड्या सोडल्या, आणि मी खाली बसले. प्रदर्शनांचं काम बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "चक्कर आली का? काही खाल्लंय ना तुम्ही?" मी म्हटलं, उपास आहे. चौकातल्या फणीला सात दात होते. आई फणीला कायम सातच दात काढायची.

ती आमच्या घराची भिंत होती.

मी आठ वर्षांची असेन. मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. बाप डहाणूच्या बोटीवर खलाशी, लग्नाच्या आदल्या दिवशी येणार होता. घर कारवीच्या कुडाचं. म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि त्यावर माती-शेण लिंपायचं. आई आणि शेजारच्या दोघी सकाळपासून भिंतीपाशी बसलेल्या. बांबूची काडी चावून मऊ केलेली, पिठात बुडवायची आणि ओढायची. आई सगळं विसरून काडीच्या टोकाकडे बघत होती. आईचं ते तोंड मी पुन्हा कधी बघितलं नाही, म्हणून ते मला इतकं आठवतं.

धवलेरी येऊन बसली होती. धवलेरी म्हणजे आमच्या लग्नात गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. भटजी म्हणा हवं तर, पण ती बाई असते, आणि तिच्याशिवाय आमचं पान हलत नाही. तिच्या मांडीवर बसायला म्हणून मी धावले आणि पिठाची वाटी लाथेनं उडवली. सगळं पीठ शेणाच्या जमिनीत. चौकाची किनार तेवढीच काढायची राहिली होती, खालच्या कोपऱ्यापाशी.

मी भोकाड पसरलं. आई मला मारायला उठली नाही. ती आणि धवलेरी आपसात काहीतरी बोलल्या, आणि चौक तसाच ठेवून त्यावर कापड टाकलं. आमच्यात चौक झाला की तो झाकतात. देवी अशी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची नसते. गाणी होतात, तिला बोलावतात, मग कापड निघतं.

लग्न झालं. बहीण नांदायला गेली. आणि पंधरवड्यात जीप आली.

उंच माणूस, खादीचा झब्बा, पायात चांगल्या चपला. आता वारलेला संग्राहक तो हाच, हे मला खोका उघडल्यावर कळलं. तो चपला घालूनच आत आला. भिंतीपुढे उभा राहून "वा, वा" करत राहिला. मग आईला म्हणाला, "ही भिंत आम्ही नेतो. सरकारी काम आहे." बाप बोटीवर. आई एकटी. सरकारी म्हटल्यावर आमच्याकडे कोण काय बोलणार? आई एकदाच म्हणाली, "लग्नाचा चौक हाय तो. तो नेत नांय." तो हसला. म्हणाला, "लग्न झालं ना पण? मग आता काय करायचाय?"

त्याच्या माणसांनी करवत काढली. कारवी कापतानाचा आवाज ऐकलाय कधी? मी कुडाला मिठी मारली. तो म्हणाला, "ए, हिला घ्या बाजूला. फोटोत येतेय."

मला बाजूला घेतलं. आई बघत राहिली. भिंत घोंगडीत गुंडाळून जीपवर चढवली आणि घराला भगदाड पडलं. जाताना तो निळी ताडपत्री देऊन गेला. भोकावर लावायला.

ती ताडपत्री आमच्या घराला दोन वर्षं होती. वारा सुटला की फडफडायची. आई चुलीपुढून उठून यायची, ताडपत्री बाजूला करून बाहेर बघायची आणि म्हणायची, "आली कं?" कोण आलं, हे आम्ही विचारत नव्हतो. आधी ते देवीला असायचं. वर्षानं बहीण पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्यानंतर आई कुणाला विचारायची ते मला ठाऊक नाही. आजही हायवेवर एखाद्या ट्रकची ताडपत्री सुटून फडफडत गेली की मी चालता चालता थांबते. मी मागे वळून बघते. रिकाम्या रस्त्याकडे बघत बसते आणि माझी बस जाते.

पाड्यावर लोक कुजबुजले. चौक अपुरा राहिला, देवी घरातून उचलून नेली, मग असंच व्हायचं. आईला त्यानंतर कुणी चौक काढायला बोलावलं नाही. तिनंही कधी काडी हातात धरली नाही. माझ्या स्वतःच्या लग्नाला चौक दुसऱ्या बायकांनी काढला, आणि माझी आई बाहेर आंब्याखाली पाहुण्यांची भांडी घासत होती.

आणि मला माहीत होतं, वाटी कुणी उडवली. बहिणीला मी मारलं, असं मनात धरून मी मोठी झाले. कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. चार बोटांची जागा. झोपेत ती दाराएवढी व्हायची आणि त्यातून बहीण मला हाक मारायची.

आता कळलं, मी "उद्या भरते" का म्हणाले ते? नुसती साहेबांची भीती नव्हती. मला ती खरंच भरायची होती. चार बोटं रंग लावायचा आणि मोकळं व्हायचं. साहेबांनी माझा अपमान केला होता, आणि मी त्या अपमानात माझी सुटका शोधत होते. याची लाज मला त्या धरलेल्या मनगटापेक्षा जास्त वाटते.

त्या संध्याकाळी घरी न जाता आईकडे गेले. तिचं घर आता विटांचं आहे. आई उंबऱ्यात बसून नाचणी पाखडत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "आये, आपली भिंत सापडली."

सूप थांबलं. मग तिनं एकच विचारलं.

"ती जागा भरली कं कोणी?"

"नांय. उद्या मना भरायची हाय."

"भरू नको."

"माझ्या पायानं सांडला होता पीठ, आये. माझ्यामुळं—"

"पीठ काय, पुना वाटला असता," आई म्हणाली. "कणगीत भात होता. धवलेरी बोलली, बारकीच्या पायानं सांडला, बारकीचीच जागा राहू दे. हिच्या लग्नाला हितंच भर. म्हणून मी ठेवली. तुझी होती ती."

आईनं पुन्हा सूप उचललं. माझ्याच्यानं उठवेना.

बहिणीसाठी अपुरं असं काही राहिलंच नव्हतं. ते माझ्यासाठी राखलेलं होतं. माझ्या लग्नाच्या आदल्या सकाळी आई त्याच भिंतीपुढे बसणार होती, ते तोंड घेऊन. तिची किनार तिथे पुरी व्हायची होती. ते जीपवाल्यानं करवतीनं कापून नेलं आणि बदल्यात ताडपत्री दिली. आणि मी पंचवीस वर्षं स्वतःला शिक्षा देत बसले. चोर मोकळा, आणि ज्याच्या घरात चोरी झाली तोच मान खाली घालून. मला रडू आलं नाही. मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा योग्य माणसाचा राग आला.

आणि तिकडे छापलं काय होतं? माझ्या पिशवीत ते माहितीपत्रक होतं, दारावर वाटायला मलाच दिलेलं. येत्या तीन महिन्यांचे कार्यक्रम. मुलांसाठी मातीकाम. तारपावादन, अल्पोपाहारासह. तज्ज्ञांचं व्याख्यान. आणि सगळ्यात वर, आईच्या चौकाच्या फोटोखाली, मोठ्या अक्षरात: 'अनाम हातांची रेषा'.

अनाम! विचारलं होतं का कुणी नाव? त्या माणसानं आईचा फोटो काढला, भिंत मोजली, नाव विचारलं नाही. म्हणून ती अनाम.

दुसऱ्या दिवशी मी आईचं एक जुनं धुतलेलं लुगडं घेऊन गेले. साहेब, मॅडम आणि मी. रंगाची वाटी तिथेच होती, वर साय धरलेली. मी ती साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि म्हणाले, "हे भरणार नाही. ही भिंत आमच्या घरातली आहे. चौक माझ्या आईनं काढलाय. तिचं नाव लागलं पाहिजे."

साहेब आधी हसले. मग म्हणाले, "पुरावा आहे?"

"मागची फळी काढा. खालून दुसऱ्या कारवीला दोर कमी पडला म्हणून बापानं लुगड्याची हिरवी चिंधी बांधलीय."

मॅडम फळीकडे बघायला लागल्या. साहेब म्हणाले, "फळी काढली तर वस्तू खराब होईल. आणि तुमच्याकडे प्रत्येक घरात असाच चौक असतो. उद्या सगळा पाडा येईल इथे नावं लावायला."

"येऊ दे की," मी म्हणाले.

मग मी लुगडं उलगडलं आणि चौकटीवर टाकलं. चारी बाजूंनी नीट सोडलं. देवी झाकली गेली. इतक्या वर्षांनी.

साहेबांचा चेहरा एकदम खुलला. खरं सांगते, खुलला. "अरे वा! अनावरणाला हेच ठेवू. पाहुणे ओढतील. किती छान दिसेल."

"पाहुणे नाही ओढणार," मी म्हणाले. "आमच्यात हे असं कुणीही ओढत नाही. आधी नावाची पाटी लागेल. मग आई काढेल."

"तुला नोकरी नकोय का?"

मी गळ्यातलं ओळखपत्र काढलं. वाटीशेजारी ठेवलं.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले.

"उद्या नाही येत. शनिवारी येते. तिकीट काढून."

मॅडम माझ्यामागून दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "मी बघते काही करता आलं तर." मी त्यांना म्हटलं, स्क्रू काढायला हत्यार आहे तुमच्या कपाटात, उजव्या खणात. मीच ठेवलंय. त्यांनी नंतर काय केलं ते मला माहीत नाही. त्यांच्या भरवशावर मी बसलेली नाही.

आज बुधवार. आईनं काल न सांगता तांदूळ भिजत घातला. आज वाटला. बांबूची काडी चावून बघितली, दात राहिले नाहीत म्हणून मला दिली. मी चावून मऊ केली. माझी जागा आता आई भरेल, दुकानाच्या रंगानं नाही, या पिठानं. धवलेरी म्हातारी आहे, डोळ्यांनी दिसत नाही, पण गाणी सगळी पाठ आहेत. ती म्हणाली, गाडीत बसवून न्या, मी येते. पाड्यावरच्या बायका येणार आहेत. किती येतील ठाऊक नाही. कुणी नाही आलं तरी आम्ही तिघी आहोत.

शनिवारी तिथे खुर्च्या मांडलेल्या असतील. हार, समई, माइक. पाहुणे कापड ओढायला हात पुढे करतील. मी दारात उभी नसेन, भिंतीपाशी उभी असेन, चौकटीला पाठ लावून. आठ वर्षांची होते तेव्हा मला बाजूला घेता आलं.

आता घेऊन दाखवा.