पेवात न सोडलेला कंदील

माझी शाळा दुसरीपर्यंत. पण आजवर कुठं अंगठा लावला नाही, सही करतो. त्या सहीचा मला लय अभिमान.

नात विश्रामबागच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. त्या वर्षी पोरांनी स्वतः हिंडून माहिती काढायची आणि प्रबंध लिहायचा. हिनं विषय घेतला हळदीच्या पेवांचा. पेव म्हणजे जमिनीतली कोठी. वर माणूस उतरेल एवढं तोंड, खाली खोलीएवढी पोकळी. हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. सांगलीच्या नदीकाठी असल्या पेवांवर माझी उमर गेली.

ती मोबाईल पुढं ठेवायची, मी सांगायचो. पेव उघडलं की आत वाईट हवा साचलेली असते. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. विझला तर कुणाला उतरू द्यायचं नाही. हे काम माझ्याकडं होतं.

"आबा, कधी कुणी दगावलं?"

"एक गडी. पिऊन आलता. न विचारता उतरला."

आठवड्यानं ती त्या गड्याच्या बायकोला गाठून आली. ती बाई तवा पेवाशेजारीच हळद निवडत बसलेली असायची.

"आबा, त्या आजी म्हणतात त्यांचा नवरा दारूला शिवत नव्हता. तुम्हीच म्हणालात, उतर रं, ट्रक खोळंबलाय. कंदील सोडलाच नाही."

"म्हातारी चळलीया."

"मग दोघांचंही लिहिते. मॅडमही तेच म्हणाल्या. फक्त या संमतीच्या कागदावर सही करा."

"न्हाई करत. तिचं काढ, मग करतो."

"सोमवारी द्यायचाय प्रबंध! सगळं तुमच्याच बोलण्यावर उभं आहे."

"तू माझी नात हायस का तिची?"

ती उठून गेली. रविवारी कागद पुन्हा पुढं आला. "काढलं. तिचंही, तुमचंही." मी चष्मा लावला आणि झोकात सही ठोकली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, इतक्या वर्षांत एकही अपघात नाही? हिनं म्हणे सांगितलं, तशी माहिती मिळाली नाही. गुण कापले. हे तिनं आईला स्वयंपाकघरात सांगितलं, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

काळ्या पुठ्ठ्याची एक प्रत घरी आहे. पहिल्याच पानावर छापलंय, 'काहीही हातचं न राखता सांगणाऱ्या माझ्या आबांना.' ते पान आधीच छापून झालं होतं का माझ्यासाठी मुद्दाम ठेवलं, मी विचारलं नाही. आता ती शिरवळला नोकरीला आहे. फोनवर "बरी आहे, आबा" एवढं बोलते आणि "आईला द्या" म्हणते.

ती म्हातारी अजून आहे. बाजारात दिसली की मीच रस्ता बदलतो.

प्रबंधात नाही ते इथं लिहितो. गडी शुद्धीत होता. त्यानं विचारलंही होतं, "कंदील सोडायचा न्हवं?" ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी म्हणालो, "उतर रं, कालच बघितलंय." काल ते पेव उघडलंसुद्धा नव्हतं.

खाली सही माझीच.