न्यूट्रॉनासाठी बोललेला नवस

सरलाबाईचा पाय घरात ठरत नव्हता. श्रावण लागलेला. नवागामच्या दोन खोल्यांत नारळाची देवी कानबाई बसायची होती, तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू दळून आले होते, उधन्यापासून कामरेजपर्यंत भावकीला सांगावे गेले होते. आणि फ्रान्सहून थोरल्याचा, योगेंद्रचा, पक्का निरोप काही येत नव्हता.

योगेंद्र तिकडे एका अणुभट्टीवर संशोधन करी. भट्टीतून न्यूट्रॉनांचा जोरदार झोत काढायचा, विजेच्या दोन पट्ट्यांमधून सोडायचा आणि बिनविजेचा म्हणवणारा हा कण पोटात एका अंगाला इवलीशी वीज दडवून आहे का, ते पाहायचं. दिसली, तर त्यामागं आजवर कुणाला ठाऊक नसलेले कण असणार. सरलाबाईला कळलं ते एवढंच, की पोरगा काहीतरी शोधतोय. हरवलेल्या बैलासाठी बोलतात तसा तिनं कानबाईला नवस बोलला : सापडू दे माय, तुला थाटानं मांडीन.

आषाढात त्याचा फोन आला होता, "माय, काहीतरी दिसी ऱ्हायनं." तेवढ्यावर बाईनं गहू निवडायला घेतले.

"अवं, दिसी ऱ्हायनं म्हने तो. सापडनं म्हने का?" नवरा, बन्सीलाल, कापडाच्या लूमवरून येऊन म्हणाला.

"तुम्ही गप ऱ्हा. देवीना कामात खोडा नका घालू."

कानबाईच्या आदल्या दिवशी एसटीडी बूथवाला गुजरातीत ओरडत आला, "मासी, फ्रान्सथी फोन छे!"

"माय, ते खोटं निंघनं," योगेंद्र म्हणाला. पट्ट्यांवरून वीज पाझरत होती. तिच्यामुळंच तसं भासत होतं. चूक त्यानंच पकडली, त्यानंच गटाला सांगितली; गटाचा शोध बुडाला, माणसं त्याच्यावर रुसली. "आते कोनी मनासंगे बोलत नई."

"नई सांगतास तर?"

"तर सगळ्या जगले खोटं सांगेल ऱ्हातू, माय."

घरी येऊन तिनं झाडलेलीच खोली पुन्हा झाडली. देवी बसवावी तर न फिटलेला नवस फेडल्याचं सोंग. न बसवावी तर रोटाचं पीठ वाया आणि भावकीत हसं.

दुसऱ्या दिवशी माणसं जमली. दीर रघुनाथ दारातूनच गरजला, "काय वहिनी, सापडना ना पोऱ्याना कण? काळा शे का गोरा?"

सगळे हसले. सापडला म्हटलं असतं, तर फ्रान्सला पाहायला कोण जाणार होतं?

"नई सापडना," ती म्हणाली. "दिसनं ते खोटं व्हतं. त्यानीच पकडं."

"मंग ही कानबाई कसानी?"

"सालाबादनी. नवस आखो मनावर शे, फिटना नई."

रघुनाथची बायको उषाबाई पदर झटकत उठून चालती झाली, तिच्यामागं आणखी दोघी. बन्सीलालनं रोटांची परात बायकोपुढं सरकवली.

सरलाबाईनं नारळाच्या देवीला कुंकू लावलं. नवस पुन्हा बोलायचा होता. सापडू दे म्हणावं आणि पुन्हा खोटंच दिसलं तर?

"माय," ती शेवटी पुटपुटली, "त्या फ्रान्सना लोकेसले मना पोऱ्यासंगे बोलू दे."