झेंडूच्या किनारीखाली

गेल्या महिन्यात बायको गेली. तेराव्याला ठेवायला तिचा फोटो करून घ्यायला मी स्टुडिओत गेलो. फोटो म्हटलं की ती जन्मभर स्वयंपाकघरात पळाली, त्यामुळे मोबाइलमध्ये धड असा एकच सापडला, भाचीच्या लग्नातला. शेजारी मी, आणि माझा हात तिच्या खांद्यावर.

स्टुडिओवाल्या बाईंनी कॉम्प्युटरवर मला कापून काढलं. हात मात्र खांद्यापासून सुटेना. "काका, हार घालायच्या फोटोत जित्या माणसाचा हात नको, बरं दिसत नाही," त्या हळूच म्हणाल्या आणि पडद्यावर एकेक किनार लावून दाखवू लागल्या. मोरपिसं, सोनेरी वेल, गुलाब. वाढदिवसाला आणि मरणाला त्याच किनारी चालतात, हे मला तेव्हा कळलं. शेवटी त्यांनी झेंडूची जाड किनार लावली. हात झाकला गेला.

"बघा, आता कसा छान झाला!"

झाला होता खरा. किनार लावली की कुठलाही फोटो पुरा झाल्यासारखा वाटतो. काय झाकलं गेलं, हे विचारायचं मग कुणाला सुचत नाही.

आता पाहुणे गेलेत. दुपारचा चहा मी फोटोसमोरच घेतो. कुणी आलं तर म्हणतं, "किती प्रसन्न हसल्यात हो वहिनी!" तिच्या डाव्या खांद्याजवळ, खालून तिसऱ्या फुलामागे माझा हात आहे. मी तो अजून काढलेला नाही.