दोनशे चौऱ्याण्णवचे तीनशे

अन्याय झाला तो माझ्या मलेशियन मैत्रिणीच्या आजीवर. मागच्या मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी, जेवणं झाल्यावर, अमेरिकेतल्या नोव्हाय गावात, काका-काकूंच्या डायनिंग टेबलवर. करणारी मी. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे इतरांवर चिडले तर स्वतःला वगळलं असं व्हायला नको.

काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये मी भाड्यानं राहायचे. मैत्रीण माझ्याच आर्किटेक्चरच्या वर्गातली. तिच्या आजीचं गावाकडचं घर लाकडी, खांबांवर उचललेलं, एकही खिळा न मारता खुंट्यांनी जोडलेलं. आजी गेल्यावर ते विकलं, उतरवलं. त्याआधी मैत्रिणीनं टेप घेऊन खांब न् खांब मोजला होता. तिच्या वहीवरून आम्ही दर रविवारी ते घर कॉम्प्युटरवर पुन्हा उभं करत होतो. नुसतं चित्र नव्हे. प्रत्येक खांब, प्रत्येक खुंटी आपापल्या मापाची, आपापल्या लाकडाची. आता ते घर असणार होतं ते तेवढंच.

ते रविवार अजून आठवतात. खिडकीबाहेर बर्फ, टेबलवर वरण-भात, लसणाची चटणी. मैत्रीण डोळे पुसत चटणी पुन्हा मागायची आणि चपला कोणत्या पायरीवर काढायच्या, ते मला स्क्रीनवर दाखवायची.

त्या रविवारी ती काकूंबरोबर किचनमध्ये होती. काका माझ्या मागे येऊन उभे राहिले. जन्म गेला त्यांचा गाड्यांचे पार्ट तपासण्यात.

"दोन खांबांत दोनशे चौऱ्याण्णव सेंटीमीटर? अगं, टेप ढिली धरली असणार तिनं. तीनशे कर."

मी केले. एका क्लिकमध्ये अख्खं घर सरकलं. छान दिसलं, हेही कबूल करते. तिला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सबमिट केलं.

प्रेझेंटेशनला परीक्षकांनी नेमकी त्या सरळ मापांची तारीफ केली. मैत्रीण स्क्रीनकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आजी नवी नवरी असताना सुतारानं तिला अंगणात हात पसरून उभं केलं होतं. घर बाईच्या हातांनी मोजतात आमच्याकडे. तिचे पसरलेले हात एकशे सत्तेचाळीस. खांबापासून खांबापर्यंत, दोनदा. तीनशे हे कुणाचेच हात नाहीत."

घरी येऊन सांगितलं तर काकू म्हणाल्या, "आम्ही विहिरीचा दोर असाच मोजायचो, वावांनी." आणि दोन्ही हात पसरून उभ्याच राहिल्या. काकांनी टेप आणली.

"नीट धरा हो," काकू म्हणाल्या. "ढिली नको."

मॉडेल मी एका दुपारी दुरुस्त केलं. डिपार्टमेंट ते घेत नाही. म्हणे मंजूर झालेली फाइल संग्रहात गेली, आता फक्त चुका बदलता येतील, आणि तीनशे ही चूक दिसत नाही. अहो, दिसत नाही हीच तर चूक आहे. तीन अर्ज झाले, चौथा लिहून ठेवलाय. मैत्रीण घरी परतली. संग्रहात तिच्या आजीचं घर अजून कुणाच्याच हातांचं नाही.

तुम्ही कुणाचंही घर असं उभं करत असाल, तर वाकडा आकडा दिसल्यावर हात मागे घ्या. फोन उचला, हे माप कुणाचं ते विचारा, आणि ज्याचं असेल त्याचं नाव फाइलमध्ये लिहा. मगच पुढचा खांब.