पाठीतलं पाणी
दंडावर स्पिरिट चोळलं की त्या वासाने मला सालेकशाजवळच्या शाळेचा व्हरांडा आठवतो. मी तिथे नवा मास्तर होतो. मेंदूच्या रोगांवर संशोधन करणारे एक डॉक्टर आले होते. मिरगीच्या रोग्यांच्या पाठीतलं पाणी सुईने काढून ते तपासायला नेत. नावं लिहायचं काम माझं. हा उपचार नाही, हे मला सांगितलेलं होतं. लोकांना सांगितलं तर कुणी येणार नाही, हेही. मोहफुलं वेचायची सोडून एक तरणी सून आली. झटके येत म्हणून घरचे तिला चुलीजवळ बसू देत नसत. ओठ चावत तिने सुई सोसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभी. "काऊन आली वं?" मी विचारलं. "थोडी मिरगी आत राह्यली असन जी, ते बी काढून टाका." भगत अंगातली पीडा ओढून काढतो, तसंच हे तिला वाटलं होतं. रांग मोठी होती. "सगळी निघाली, जा," मी म्हणालो. ती हसत गेली, चुलीशी बसू लागली, आणि महिन्याभरात झटका येऊन चुलीवर पडली. भाजलेला हात घेऊन माझ्यासमोर आली. "तुमीच म्हणलं होतं ना, मास्तर?" "डॉक्टरांना विचारतो," मी म्हणालो. विचारलं नाही. आज वाटतं, विचारायचं तरी काय होतं? मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.