सगुणाकाकूंनी शोधलेली खोली

सगुणाकाकू कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी गादीचा कोपरा उचलून बघत. बाळंतिणीला बघायला गेलेल्या असोत की मामलेदारांकडे हळदीकुंकवाला, त्यांचा हात आपोआप गादीकडे जाई. शिवणीवरून बोट फिरवायचं, बोटाकडे निरखून बघायचं, मग "बरी हाय" म्हणून ऐसपैस बसायचं. मामलेदारीणबाई एकदा चांगल्याच रागावल्या. बाहेर पडल्यावर काकू मला म्हणाल्या, "रागावू दे गं. ढेकून चावला असता तर मी नसते का रागावले?"

कर्जतच्या बाजारामागे एका ओळीत आमची घरं होती. माझे वडील शिंपी. त्यांना आम्ही दादा म्हणत असू. पुढच्या पडवीत त्यांचं मशीन, मागे दोन खोल्यांत आम्ही. शेजारचं घर काकूंचं. त्यांचे यजमान गणपतकाका रेल्वेत फायरमन होते. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढायला कर्जतला मागून जादा इंजिन लागे, त्यावर कोळसा मारायचं त्यांचं काम. त्या नोकरीमुळे काकूंना वर्षातून थोडे फुकट प्रवासाचे पास मिळत. बाकीच्या रेल्वेवाल्यांच्या बायका त्या पासावर माहेरी जात, नाशिकला जात. सगुणाकाकू मुंबईला जात, आणि तेही दुसऱ्यासाठी खोली बघायला.

तेव्हा आमच्या भागातल्या माणसाला घरच्या मंडळींना घेऊन मुंबईला जायचं म्हणजे मोठं संकट वाटे. नातेवाईक असले तरी एका खोलीत नऊ माणसं राहणारे. त्यांच्याकडे पाच माणसांनी वळकट्या घेऊन कसं उतरायचं? चांगल्या लॉजिंगात जावं तर परवडत नाही आणि परवडेल तिथं बायकामुलांना नेववत नाही. मग कुणीतरी सांगे, सगुणाकाकूंना विचारा. खालापूरहून, नेरळहून माणसं येत. काकू चुलीपुढून न उठता विचारत, "म्हातारं मानूस हाय का संगं? दमा हाय का? तान्हं पोर?" आणि मग त्यांचे नियम सांगत. "खोली मागनं बगायची, आदी नळ बगायचा. भाडं इचारायच्या आदी जिना मोजायचा. आन मालकाला काय बी इचारू नये. भांडी घासनारी असती ना, तिला इचारायचं. ती खोटं कशाला बोलंल?"

हे सगळं मी लहानपणी गंमत म्हणून ऐकत असे. माझ्या धाकट्या बहिणीच्या, कमळच्या पायाचं निघालं, तेव्हा मला त्याची किंमत कळली.

कमळचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला होता. सहा वर्षांची झाली तरी ती पावलाच्या कडेवर चाले, आणि थोडं घाईनं गेली की पडे. दिवसभर आईच्या तोंडी एकच वाक्य, "हळू गं, पडशील." कर्जतच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, दादा तिला परळच्या बाजूला एका मोठ्या इस्पितळात दाखवून आले. तिथले डॉक्टर म्हणाले, पायाला चिरा द्यावा लागेल, मग प्लास्टर. इस्पितळात खाट नाही. पण पंधरा दिवस जवळपास राहून रोज सकाळी पाय दाखवायला आणलात तर काम होईल. त्यांनी दिवसही नेमून दिला.

दादांनी इस्पितळाहून लांब, पण परवडणाऱ्या अशा बोरीबंदरजवळच्या एका लॉजिंगात खोली ठरवली आणि नेमल्या दिवसाच्या आदल्या दिवशी आम्ही चौघं तिथं उतरलो. खोली तिसऱ्या मजल्यावर. वाटेतल्या गॅलरीत उघडेबंब पुरुष बसलेले. आई पदर ओढून त्यांच्यामधून गेली ती खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. संडास खाली अंगणात. हे सगळं सोसलं असतं. पण दुपारी मॅनेजर वर आला आणि कमळच्या पायाकडे बघून म्हणाला, "इस्पितळाचे पेशंट आम्ही ठेवत नाही. दुसरे उतारू पळतात." दादांनी हात जोडले. मग ते एकटेच बाहेर पडले आणि चार ठिकाणं हिंडून आले. दोन ठिकाणी बायकामुलं नको होती. उरलेल्या दोन ठिकाणी चालत होती, पण तिथल्या दरात पंधरा दिवस राहायचं तर दादांना मशीन विकावं लागलं असतं. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही कर्जतला परत आलो. ऑपरेशनचा दिवस तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मशीनवर बसले, पण पायडल मारीनात. म्हणाले, "राहू दे. देवानं दिलाय तो पाय. त्याच पायानं चालेल ती." आई दळत होती, तशीच दळत राहिली.

सगुणाकाकू दारात उभ्या होत्या. "पाय देवानं दिला असंल, भाऊ," त्या म्हणाल्या, "पन तो म्यानेजर काय देवानं दिला व्हय? मला एक दिस द्या. आन सुमीला संगं द्या, मला वाचाया येत नाय."

"काकू, मी पुरुषमाणूस चार ठिकाणांहून हात हलवत परत आलो."

"म्हनून तर. तुमी भाडं इचारून आलात. बाईमानूस नळ, जिना, चूल, समदं इचारून येतं."

दोन दिवसांनी मी काकूंबरोबर निघाले. त्यांच्या कडेवर तांदळाचं मोठं गाठोडं होतं. एवढे तांदूळ कशाला, म्हणून मी विचारलं. "उचलून बग," त्या म्हणाल्या. मला धड उचलवेना. "कमळ येवढीच भरती. काल तिला एका हातात नि ह्ये दुसऱ्या हातात धरून बगितलं मी."

आम्ही आधी थेट इस्पितळाच्या दाराशी गेलो. तिथून काकू गाठोडं कडेवर घेऊन चालायला लागल्या. म्हणाल्या, "माझा हात भरून येईल तिथवरच खोली बगायची. त्याच्याम्होरं फुकट दिली तरी नगं. रोजच्याला तुज्या आईलाच न्यायचंय तिला."

पहिली लागली धर्मशाळा. स्वच्छ होती, भाडं नव्हतं, मला वाटलं झालं काम. पण रखवालदार म्हणाला की तीन दिवसांवर राहता येत नाही, तीन दिवसांनी बाहेर जायचं आणि मग हवं तर परत यायचं. काकू म्हणाल्या, "पोरीचा पाय म्हंजी काय पत्त्यांचा डाव हाय, दर तीन दिसांनी पिसायला?" पुढच्या लॉजिंगात लोखंडी खाटा होत्या. मॅनेजर भाडं सांगत होता तोवर काकूंनी गादी उलटी केली.

"बाई, हे काय करताय?" तो ओरडला.

"तुमचे जुने उतारू बगती. ह्ये भाडं देत्यात का?"

मला हसू आवरेना. पण त्यानंतर दोन ठिकाणी नकार आला, उन्हानं डोकं दुखायला लागलं, आणि माझं हसू गेलं. एका ठिकाणी तर "गावाकडचे ना? नको" एवढंच म्हणून दार लावून घेतलं. दादा त्या दिवशी असेच हिंडले असतील असं मनात आलं आणि मला रडूच फुटलं. काकूंनी गाठोडं खाली ठेवलं. माझं तोंड पदरानं पुसलं. त्यांचा हात गाठोड्यानं भरून आला होता.

"आता ह्याच्याम्होरं जायचं नाय," त्या म्हणाल्या. "हितंच कुटंतरी हाय."

आम्ही एका दुमजली लॉजिंगच्या बाजूला उभ्या होतो. बोळात नळावर एक बाई भांडी घासत होती. काकू तिच्याजवळ उकिडव्या बसल्या, दोन पातेली विसळून दिली, आणि मग बोलायला सुरुवात केली. पाणी किती वाजेपर्यंत असतं, उतारू कसले, मालक कसा. बाई साताऱ्याकडची होती. ती म्हणाली, "मालक गुणाचा हाय, पर भित्रा. खाली जिन्याशेजारी येक खोली हाय बगा. कुनाला दावत न्हाई. ट्रंका टाकल्यात तितं."

मालक म्हणजे चष्मा लावलेले एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ. वर दोन खोल्या रिकाम्या आहेत म्हणाले. काकू म्हणाल्या, "वरच्या नगं. खालची दावा."

"ती उतारूंना देत नाही. रस्त्याचा आवाज येतो, ट्रंका आहेत."

"आवाज आमाला चालंल. जिना आमाला चालनार नाय. ट्रंका आमी दोगी हलवतो. तुमची खोली बिनकामाची पडलीया नि आमची पोर खोलीविना पडलीया. मग आडलंय कुटं?"

काकूंनी काहीच लपवलं नाही. पाय, ऑपरेशन, पंधरा दिवस, सगळं सांगितलं. म्हातारे अस्वस्थ झाले. "अहो, पण मूल रडलं तर? माझे कायमचे उतारू आहेत वर."

"रडंलच की. पायाला चिरा देनार हायत, जिलबी नाय देनार. पन पयले चार दिस मी सवता हितं ऱ्हाते. तिचं रडनं माज्याकडं. पाचव्या दिशी तुमाला तरास वाटला तर आमाला भायेर काडा."

म्हाताऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग वरच्या खोलीच्या निम्म्या दरात ती खोली देऊ केली. पाठीमागच्या पडवीत चूल मांडायलाही हो म्हणाले. काकूंनी ट्रंका एका भिंतीला लावल्या, जमीन झाडली, आणि तांदळाचं गाठोडं खोलीच्या मधोमध ठेवलं. "आता ही आपली," त्या म्हणाल्या. "तांदूळ ठेवलेल्या घरातनं कुनी मानूस काडत नाय."

आठवड्याभरानं इस्पितळानं ऑपरेशनसाठी नवा दिवस दिला आणि आम्ही त्या खोलीत राहायला गेलो. आई आत आली. नळ दोन पावलांवर, मोरी आडोशाची, दाराला आतून कडी. तिनं कडी दोनदा लावून बघितली. मग भिंतीला पाठ टेकून बसली आणि एकदम हसायला लागली. दादा घाबरले. "काही नाही हो," ती म्हणाली, "बरं वाटलं, एवढंच."

ऑपरेशननंतरचे पहिले दिवस कठीण गेले. रोज सकाळी पट्टी बदलताना कमळ किंचाळे. दुसऱ्या दिवसापासून काकूंनी तिला घाटातले बोगदे मोजायला लावले. "गाडी कर्जतवरनं सुटली. मागनं तुजा गणपतकाका कोळसा मारतोय. आला पयला बोगदा, डोळं मिट. गेला. उगड." पट्टीचा एकेक वेढा निघे तसा एकेक बोगदा जाई. चौथ्या दिवशी पट्टी सुटली तरी कमळ डोळे मिटूनच होती. म्हणाली, "अजून खंडाळा नाही आला." डॉक्टरही हसले.

वरच्या मजल्यावरच्या एका फिरत्या विक्रेत्यानं तक्रार केलीच. दुपारी झोप होत नाही म्हणाला. काकू स्वतः वर गेल्या. "पोर दोन ते चार झोपती. तुमी बी तवाच झोपा. मी कुनाला वाजवू देनार नाय." आणि त्या दोन तास जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. जोरात पावलं टाकणाऱ्या प्रत्येकाला, खुद्द मालकांनाही, त्यांनी बोट ओठावर ठेवून थोपवलं. पाचव्या दिवशी त्या कर्जतला परतल्या, तेव्हा आम्हाला बाहेर काढायची गोष्टही कुणी काढली नाही. उलट मालकांनीच विचारलं, "तुमच्या त्या काकू परत कधी येणार?"

प्लास्टर पुढे कितीतरी दिवस होतं. ते निघालं तेव्हा पाऊल जमिनीवर सपाट टेकलं. चालण्यात थोडी लचक राहिली ती राहिलीच. पण दादांनी पहिल्यांदा कमळसाठी चपलांचा जोड करून घेतला, दोन्ही पायांना एकाच मापाचा, आणि तो दोन दिवस मशीनवर ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला.

मी थोडी मोठी झाल्यावर एकदा काकूंना विचारलं होतं, दुसऱ्यांसाठी एवढी पायपीट करून तुम्हाला काय मिळतं? मला वाटलं होतं, पुण्य वगैरे काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "मला लोकांच्या खोल्या बगाया आवडतं गं. पास हाय, पाय हायत. आन दुसऱ्याची ददात मिटली की आपल्यालाच जेवन ग्वाड लागतं. तुला नाय लागत?"

पुढे घाटात विजेची इंजिनं आली. कोळशाच्या इंजिनांबरोबर गणपतकाकांचीही बदली झाली, थेट भुसावळला. निघायच्या दिवशी स्टेशनवर आमची सारी आळी आली होती, खालापूरची चार माणसंही आली होती. काकू कल्याणकडच्या गाडीत खिडकीशी बसल्या. कुणी दहीपोहे दिले, कुणी लोणचं. त्या सगळ्यांना सूचना देत होत्या, आणि स्वतःचे डोळे पुसायला त्यांना वेळ मिळत नव्हता.

गाडी हलली. कमळनं त्यांचा हात धरला होता, तो तिनं सोडला नाही. गाडीबरोबर ती चालू लागली, मग भराभर चालू लागली, आणि मग चक्क पळू लागली. परकर एका हातात धरून, किंचित लचकत, माणसांमधून वाट काढत ती फलाटाच्या टोकापर्यंत पळाली. काकू खिडकीतून वाकून ओरडत होत्या, "हात सोड गं! पडशील!"

मी आईकडे बघितलं. आता ती हाक मारील असं मला वाटलं. पण आई जागची हलली नाही. तोंडावर पदर धरून ती रडत होती आणि म्हणत होती, "पळू दे. पळू दे तिला."