एअर फिल्टरची खडखड आणि लाखेचे सील

अर्जदार : मी स्वतः, धंदा तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिणे, राहणार धाराशिव. सामनेवाली : अर्जदाराची पत्नी. साक्षीदार : पत्नीची तेर येथील भावजय. घटनेचा दिवस : गेल्या उन्हाळ्यातील एक रविवार. प्रकरण घरातले असल्यामुळे नावे दिलेली नाहीत.

हकीकत अशी की, आमच्या जुन्या मोटारीच्या बॉनेटखाली बरेच दिवस खडखड होत असे. तेरला, पत्नीच्या माहेरी, मोटारीच्या आधी आवाज पोहोचे. आम्ही गल्लीच्या तोंडाशी असतानाच भावजय आतून ओरडे, "आलं बगा डबडं! चहा टाका!" अखेर पत्नीने निर्वाणीचे सांगितले, "ह्या रविवारी खडखड झाली, तर इथनं पुढं मी यष्टीनं जाईन. तुम्ही या एकटे, वाजत गाजत."

शेजारची जागा रिकामी ठेवून सासुरवाडीत उतरणे माझ्यासारख्या प्रतिष्ठित इसमास शोभणारे नव्हते. सबब मी जातीने लक्ष घातले. इंजिन चालू ठेवून एकेक भाग दाबून पाहिला. इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या फिल्टरच्या डब्यावर हात ठेवताच खडखड थांबली. हात काढताच पुन्हा सुरू झाली. झाकणाची क्लिप तुटलेली होती. मिस्त्रीकडे जाता आले असते. परंतु ज्याच्या हातची सीलबंद पाकिटे थेट मंत्रालयापर्यंत जातात, त्याने एका झाकणासाठी दुसऱ्याचे दार ठोठवावे हे मनास पटेना. मी फायलीच्या दोरीने डबा आवळला, गाठीवर लाख ओतली आणि वर माझा पितळी शिक्काही उठवला.

मोटार मुकी झाली. पत्नी शेजारी बसली. अर्ध्या वाटेत तिने विचारलेसुद्धा, "इंजिन चालू हाय न्हवं?" मी उत्तरादाखल फक्त मिशीवरून हात फिरवला.

तथापि, उन्हाळ्यातल्या इंजिनाच्या धगीने शिक्क्याचा मान राखला नाही. तेर दिसू लागले तशी टकटक सुरू झाली आणि गल्लीत शिरताना पूर्ववत खडखड.

"आलं डबडं!"

पत्नी माझ्याकडे न बघता उतरली. मी बॉनेट उघडले. लाख वितळून डब्यावर लाल ओघळ आले होते आणि दोरी सैल पडली होती. भावजय डोकावून म्हणाली, "दाजी, मोटारीला कुंकू लावलंय व्हय?"

सगळे हसले. पत्नी हसली नाही. ती आत गेली आणि दुधाची किटली गाडीला बांधायची, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घेऊन आली. ती ताणून डब्याला गुंडाळली, गाठ मारली. "लावा आता चावी."

खडखड नाही. संध्याकाळी ती आपणहून पुढच्या सीटवर बसली. मोटार तिच्या मालकीची असून मी चालक आहे, अशा थाटात.

तेव्हापासून ती पाहुण्यारावळ्यांत सांगते, "मीच दुरुस्त केली. ह्यांनी नुसता शिक्का मारला." भावजयीची तक्रार निराळीच : "आता तुम्ही आलेलं कळतच न्हाय, चहाला उशीर हुतोय."

सबब विनंती की, आवाजाची जागा अर्जदाराने शोधली व पट्टी सामनेवालीने बांधली, हे ध्यानी घेऊन दुरुस्तीचा निम्मा मान अर्जदारास देण्यात यावा. शेजारची जागा भरलेली असल्याने त्याबाबत तक्रार नाही. वाचकांनी आपला निर्णय लेखी कळवावा. मात्र घरी नव्हे, कचेरीसमोरील लिंबाखालच्या टेबलावर.